आई रोज आळ घेतात. डिमेन्शिया झालेल्या माणसाशी बोलायचं तरी कसं?

रानजाई

नमस्कार. इथे एरवी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

सासूबाई ७६ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, सगळी नोकरी सातारा तालुक्यात झाली. गेल्या दिवाळीच्या सुमारास न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) सांगितला, डोनेपेझिलची गोळी चालू आहे. विसरण्याचं आता काही वाटत नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तरी चालतं. त्रास होतोय तो आळाचा. दिवेलागणीला सुरू होतं, "माझ्या पाटल्या कुठायत?" पाटल्या लॉकरमध्ये आहेत, त्यांनीच ठेवल्यात. तसं सांगितलं की, "तू नेऊन ठेवल्यास, मला न विचारता." आधी कामाच्या मावशींवर आळ आला, त्या काम सोडून गेल्या. आता माझा नंबर. ह्यांनी लॉकरचे कागद दाखवून पाहिले, तर म्हणाल्या, "बायकोचं ऐकून खोटे कागद केलेस."

पाटल्यांचं आटोपलं की, "मला घरी सोडा, आई वाट बघत असेल." लग्न होऊन आल्या तेव्हापासून याच घरात राहतायत.

आणि भाऊजी पुण्याहून येतात ते दोन तासांसाठी. त्यांच्याशी आई इतक्या सुरेख बोलतात, नातवंडांची चौकशी, चहाचा आग्रह, की निघताना ते मलाच म्हणतात, "वहिनी, तुम्ही जरा जास्तच मनाला लावून घेता."

तर पाटल्यांना काय उत्तर द्यायचं? घरी जाण्याला काय द्यायचं? आणि भाऊजींना काय द्यायचं? (शेवटचं उत्तर सभ्य भाषेत असावं.)

मधुमालती

रानजाई, माझ्या आईचं सगळं निभावून झालंय, म्हणून हक्काने लिहिते.

"लॉकरमध्ये आहेत" हे वाक्य आधी बंद करा. खरं असलं तरी. त्या वाक्याचा त्यांना ऐकू येणारा अर्थ एवढाच, की ही माझं ऐकत नाही. त्यापेक्षा, "पाटल्या सापडेनात? अगं बाई! थांबा आई, हातातलं ठेवते, दोघी मिळून बघू." असं म्हणून खरंच उठायचं. आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर यायचं आणि त्यांच्या पार्टीत जायचं. आमची आई मंगळसूत्र शोधायची, म्हणून आम्ही कपाटाचा एक खण मुद्दाम "शोधायचा खण" करून ठेवला होता. त्यात जुने फोटो, लग्नातली रुखवताची यादी, बटणांचा डबा. शोधता शोधता फोटो हाती लागायचा आणि मंगळसूत्र मागे पडायचं. रोज नाही, पण बऱ्याचदा.

शिवाय आम्ही एक ग्रॅमचं मंगळसूत्र आणलं, एकसारखी दोन. एक हरवलं की दुसरं काढायचं. तुम्हाला एक ग्रॅमच्या पाटल्या सहज मिळतील.

त्या स्वतःही वस्तू लपवत असतील, कारण घरात चोर आहे ही त्यांची खात्रीच आहे. आमच्याकडे तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्याची मागची बाजू ही ठरलेली ठिकाणं. अभ्रे धुवायला टाकण्याआधी चाचपा, आणि घंटागाडीला कचरा देण्याआधी एकदा उलटासुलटा करून बघा. कवळी तिथेच सापडते!

नवीन मावशी ठेवताना पहिल्याच दिवशी सांगा, की आळ येणार आणि तो आजाराचा आहे, आमचा नाही. फक्त एक गोष्ट जपा. माणूस आजारी आहे म्हणून त्याची प्रत्येक तक्रार खोटी नसते. आमच्या ओळखीत एका आजोबांचे पैसे खरोखरच जात होते आणि घरचे "त्यांचं असंच चालतं" म्हणत राहिले. त्यामुळे खरे दागिने आणि रोकड घराबाहेरच बरी.

घाटावरचा

मधुमालतीताई, बाकी सगळं पटलं, पण नकली दागिने देऊन फसवायचं हे काय मनाला पटत नाही बघा. आमचे आबा एसटीत कंडक्टर होते. डॉक्टरांनी निदान केलं तेव्हा घरात दोन तट पडले, आबांना सांगायचं की नाही. मी म्हटलं सांगायचं. सांगितलं. दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी मोटारसायकलची किल्ली स्वतःहून माझ्या हातात दिली. कुणाचे किती येणं आहे, कुणाचं देणं आहे, सगळं वहीत लिहून घ्यायला लावलं. खोटं बोललो असतो तर यातलं काहीच झालं नसतं. "मला येडं समजू नका" एवढंच त्यांचं मागणं होतं.

मधुमालती

घाटावरचा, तुमचं शंभर टक्के बरोबर आणि माझंही. आबा तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यात होते. त्या काळात माणसाला सांगायलाच हवं, तो त्याचा हक्क आहे. पैसे, उपचार, पुढे कुणाकडे राहायचं, हे ठरवायला तेवढाच वेळ हातात असतो. पुढे आई दादामामाची वाट बघायची. मामा जाऊन काळ लोटला होता. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तर ती आत्ताच तार आल्यासारखी रडली. तासाभराने पुन्हा, "दादा आला का?" हे रोज सांगून मी कोणतं सत्य राखणार होते? मग मी म्हणायचे, "दादामामाची आठवण येतेय होय? तो आला की काय आणायचा गं?" की ती मिरजेच्या पेढ्यांवर सुरू. यात मी खोटं कुठे बोलले?

घाटावरचा

हे पटलं. आबा अजून त्या वळणावर आलेले नाहीत. आले की हा धागा वर काढतो.

नाडीपरीक्षक

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. आळ का येतो ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की राग निम्मा होतो.

अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर खराब होतो. नव्या घडामोडी पक्क्या करण्याचं काम तिथे चालतं. म्हणजे आईंना लॉकरमध्ये पाटल्या ठेवल्याचं आठवत नाही असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा त्याची नोंदच झालेली नसते. ज्या पानावर शाई उमटलीच नाही ते कितीदा उलटून दाखवलंत तरी कोरंच दिसणार. आता त्यांच्या बाजूने पाहा. वस्तू जागेवर नाही. मी हलवलेली नाही. घरात दुसरं कोण आहे? सून. तर्क शाबूत आहे, पुरावा गहाळ आहे. म्हणून कागद दाखवून उपयोग होत नाही.

हे लक्षण नवं नाही. ज्यांच्यावरून या आजाराला नाव मिळालं त्या डॉक्टर अल्झायमर यांची पहिली रुग्ण ऑगस्ट डेटर नावाची बाई. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा वय ५१. तिच्या आजाराची सुरुवात नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती. १९०६ मध्ये ती वारली आणि त्याच वर्षी अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतले बदल परिषदेत मांडले. म्हणजे संशय हा या आजाराच्या पहिल्या केसपेपरपासूनचा आहे, तुमच्या वागण्याचा त्यात संबंध नाही.

आता वैद्यकीय. बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर तपासली होती का? यात काही बिघाड असेल तर विसरणं वाढतं आणि त्यावर उपचार करता येतात. पडून डोक्याला मार लागला असेल तर आठवड्यांनीसुद्धा मेंदूभोवती रक्त साकळू शकतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि विसर, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मेंदूतल्या पाण्याचा वेगळा आजार असू शकतो, त्याला शस्त्रक्रिया आहे. नैराश्यही हुबेहूब असंच दिसतं.

घरातली औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर अख्खी ओता. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेच्या गोळ्या, वारंवार लघवीसाठी दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन, ही औषधं गोंधळ वाढवतात. ऑक्सिब्युटिनिन तर डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करतं. एक डॉक्टर ब्रेक दाबतोय आणि दुसरा ॲक्सिलरेटर, असे केसपेपर मी नेहमी बघतो. रात्री डोनेपेझिल घेऊन वाईट स्वप्नं पडत असतील तर सकाळी द्यायचं का तेही विचारून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. दोन दिवसांत अचानक माणूस बदलला, बरळायला लागला, दिवसभर झोपून राहिला, तर "आजार वाढला" म्हणून घरी बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं, बऱ्याचदा यातलं काहीतरी असतं. त्याच दिवशी दाखवा.

परदेशस्थ_बंडू

मी रानजाईंच्या भाऊजींच्या जागेवर आहे. न्यू जर्सीत राहतो, आई नाशिकला दादा-वहिनींकडे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई मला ठणठणीत दिसते. हसते, विचारते, "तिकडे बर्फ पडला का?" दादा म्हणतो ती वहिनीला ओळखत नाही कधीकधी. मला खरंच कळत नाही कुणाचं खरं मानू. दुसरं, इकडे अल्झायमरवरच्या नव्या इंजेक्शनांचा गाजावाजा आहे, त्याचा उपयोग होईल का?

मधुमालती

बंडूभाऊ, "कशी आहेस, जेवलीस का" याची उत्तरं जन्मभर देऊन जिभेवर बसलेली असतात. पाहुणा आला की जुनी रीत आपोआप बाहेर येते, त्यात त्या सगळी ताकद लावतात, आणि तुम्ही फोन ठेवलात की दमतात. ते दमणं दादा-वहिनींच्या वाट्याला येतं. पुढच्या रविवारी, "आज सकाळी नाश्त्याला काय होतं?" एवढं विचारून बघा. पण परीक्षा घेतल्यासारखं नको, एकदाच, तुमच्या स्वतःच्या खात्रीसाठी. नंतर पुन्हा बर्फावरच बोला. तिला त्यातच आनंद आहे.

आणि इकडे याल तेव्हा दादा-वहिनींना चार दिवस बाहेर पाठवा. तुम्ही एकट्याने राहा, रात्रीसकट. रानजाई, भाऊजींनाही हेच उत्तर. सभ्य भाषेत आहे.

नाडीपरीक्षक

बंडू, इंजेक्शनांबद्दल. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब, अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. मेंदूत साठलेलं ॲमिलॉइड नावाचं प्रथिन कमी करतात, घसरण थोडी मंदावतात, गेलेलं परत आणत नाहीत. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून वरचेवर एमआरआय करावे लागतात. माणसं ओळखेनाशा झालेल्या व्यक्तीसाठी ती नाहीत. तो पैसा वहिनींना मदतीला बाई ठेवण्यात घाला.

टिळकरोड

ब्राह्मी, शंखपुष्पी, रात्री भिजवलेले बदाम यांचा उल्लेख अजून कसा आला नाही? आमच्या पिढीत हा आजार नव्हता. शब्दकोडी सोडवा, काही होत नाही.

नाडीपरीक्षक

बदाम खुशाल खा. आजार आधीही होता, "म्हातारचळ लागलाय" म्हणून ओसरीवर बसवून ठेवत होते. आणि इतकी माणसं ऐंशी गाठत नव्हती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या १०० भारतीयांत साधारण ७ जणांना डिमेन्शिया आढळला, एकूण ८८ लाखांच्या आसपास. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त.

कोडी सोडवायला हरकत नाही, पण त्याहून मोठ्या गोष्टी वेगळ्या आहेत. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटेपणा. आणि ऐकू कमी येणं, ज्याला आपल्याकडे कुणी मोजतच नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये असे १४ घटक सांगितलेत. कानाचं यंत्र खणात पडलेलं असेल तर बदामाआधी ते कानात घाला.

सुपारीफूल

गोव्यातून लिहितेय. माझ्या सासऱ्यांना लेवी बॉडी डिमेन्शिया आहे, त्यात नसलेली माणसं दिसतात. अंगणात मुलं खेळताना दिसतात त्यांना. घाबरत नाहीत, उलट खाऊ द्या म्हणतात. हा प्रकार असेल तर एक लक्षात ठेवा, हॅलोपेरिडॉलसारखी शांत करायची औषधं यांना फार बाधतात, अगदी जिवावर बेततं. आम्ही केसपेपरच्या वरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. रात्री-अपरात्री इमर्जन्सीत गेलो तर नव्या डॉक्टरला पहिलं तेच दाखवतो.

रानजाई, संध्याकाळी त्रास वाढणं सगळीकडे असतं. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावायचे. तिन्हीसांजेच्या अर्धउजेडात सावल्या माणसांसारख्या दिसतात. टीव्हीवरच्या मालिकेतली भांडणं आमच्याकडे घरातलीच वाटायला लागली, म्हणून त्या वेळी टीव्ही बंद. आरशावर पडदा टाकला, त्यात "तो म्हातारा" रोज यायचा. दारातलं काळं पायपुसणं काढलं, मामंजींना तो खड्डा वाटायचा आणि ते उंबऱ्याशीच अडायचे. आम्ही त्याला हट्टीपणा समजत होतो!

"घरी जायचंय" म्हणाले की मी चपला घालते. "चला, सोडते." माडांच्या कडेने एक फेरी, वाटेत त्यांच्या घराबद्दल विचारायचं. विहीर कुठे होती, गाई किती होत्या. परत आलो की हेच घर पुरतं. पाऊस असला तर पडवीतच फेऱ्या.

रानजाई, सासूबाई शिक्षिका होत्या ना? त्यांना शिकवू द्या की.

रानजाई

सगळ्यांचे आभार. सुपारीफूल, तुमचं वाचून माळ्यावरची पाटी काढली. "आई, मुलाला पाढे येत नाहीत, जरा घेता का?" म्हणून धाकट्याला पुढे बसवलं. नुसते पाढे नाहीत, पावकी, निमकी, पाऊणकी अशी धाड धाड सुरू! मला औटकी म्हणजे काय तेही माहीत नव्हतं (साडेतिनाचा पाढा). चिरंजीव अडकले तर बोटांवर पट्टी मारल्याची खूण करतात. संध्याकाळचा पाऊण तास निघतो. पाटल्या येतातच, पण उशिरा येतात.

अंघोळीचं मात्र अवघड झालंय. "झाली माझी" म्हणतात आणि चार-चार दिवस जातात.

मधुमालती

वेळ त्यांची जुनी ठेवा, शाळेला जायच्या आधीची. "अंघोळ करा" ऐवजी, "पाणी तापलंय, गार होईल." डोक्यावरून पाणी घेऊ नका, दचकतात. पायांपासून सुरू करा, अंगावर पंचा राहू द्या, एकेक भाग उघडून पुसा. न्हाणं वेगळ्या दिवशी. आणि एखादा दिवस ओल्या पंच्याने अंग पुसून भागलं तर काही बिघडत नाही. बाथरूमला आतली कडी नको, ती काढून टाका.

वकिलीण

उशिरा आले. कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून.

बऱ्याच घरांत "आईने मला मुखत्यारपत्र दिलंय" म्हणून निश्चिंत असतात. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २०१ पाहा. देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हा ते चालत नाही. काही देशांत पुढेही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे तशी सोय नाही. मग घर विकायचं, ठेव मोडायची, तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करावा लागतो. होतं, पण वेळ आणि पैसा जातो.

म्हणून घाटावरच्या आबांसारखं सुरुवातीलाच सांगणं आणि करून घेणं शहाणपणाचं. बँकेत दुसरं नाव लावा, नामांकनं तपासा. मृत्युपत्र करायचं तर दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावी, आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं. निदान झालं म्हणजे मृत्युपत्र करता येत नाही असं नाही. सही करताना आपण काय करतोय हे समजत असलं पाहिजे. उलट बाजूही सांगते. समजत नसलेल्या माणसाचा अंगठा भावकीतलं कुणी कागदावर उठवून घेत असेल तर तो कागद कोर्टात पाडता येतो.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला असतोच. पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो. तुमचं पेन्शन त्यात बसतं का ते पोस्टात विचारा.

टिळकरोड

एक प्रश्न, राग नसावा. आई कुणाची, आणि धागा कुणी काढलाय? मिस्टर कुठे आहेत यात?

रानजाई

टिळकरोड, बदामांपेक्षा हे चांगलं विचारलंत. हे रात्रपाळी करतात, आईंना तीन वेळा उठवून बाथरूमला नेतात. पण दिवस माझा. मी शिवणाचे क्लास घ्यायचे ते बंद पडलेत.

मधुमालती

ते पुन्हा सुरू करा, आठवड्यातून दोन दिवस तरी. त्या दिवशी ब्युरोची बाई, शेजारीण, भाऊजी, कुणीही. मी केलं नव्हतं, मला पाठीचं दुखणं आणि रक्तदाब दोन्ही लागलं. बोलायला कुणी हवं असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, आणि तुमच्या स्वतःच्या मनासाठी टेली मानस, १४४१६. दुसऱ्या नंबरवर फोन करायला आजारी असावं लागत नाही. एआरडीएसआय नावाची संस्था १९९२ पासून याच आजारासाठी काम करते, केरळात सुरू झाली. मुंबईच्या शाखेत मला पहिल्यांदा माझ्यासारख्या बायका भेटल्या. तिथे आम्ही आमच्या आयांच्या करामती सांगून पोट धरून हसायचो. बाहेर कुणाला सांगता येत नाहीत त्या.

रानजाई

अपडेट. बी-१२ खूपच कमी निघालं, इंजेक्शनं चालू केलीत. डॉक्टर म्हणाले अल्झायमर आहेच, पण थकवा आणि चालताना जाणारा तोल जरा सुधारेल. नाडीपरीक्षक, धन्यवाद, इथे लिहिलं नसतं तर तपासलं गेलं नसतं.

भाऊजी आले आणि राहिले, आम्ही दोघं माझ्या माहेरी गेलो. दुसऱ्या रात्री आईंनी त्यांनाच चोर समजून शेजाऱ्यांना हाका मारल्या. परत आलो तर जावेशी बोलून त्यांनी स्वतःच शनिवार-रविवारच्या पाळ्या लिहून फ्रिजवर चिकटवल्या होत्या. मी काही बोलले नाही. एक ग्रॅमच्या पाटल्याही तेच घेऊन आले.

हयातीच्या दाखल्याला पोस्टमन सोमवारी यायचे आहेत. अनोळखी माणसाने बोट यंत्रावर ठेवा म्हटलं तर आई ऐकतील का, ही धास्ती आहे.

मधुमालती

सकाळी अकराच्या आत बोलवा, त्या ताज्या असताना. आदल्या दिवशी काही सांगू नका, रात्रभर घोकत बसतील. पोस्टमनना दारातच सांगून ठेवा की घाई करू नका, आधी पाणी घ्या, बसा. गावात शिकवलंय त्यांनी, तो त्यांचा विद्यार्थीही असू शकतो. बोट नाहीच दिलं तर चेहऱ्यावरूनही होतं म्हणतात, ते त्यांना विचारा. झालं की इथे लिहा, माझ्या मावससासूबाईंचंही काढायचंय.